थकव्याचा हिशेब

व्यापारी घरात आजारालासुद्धा कागद लागतो. ताप असेल तर तापमापकावर आकडा दिसतो, हाड मोडले तर क्ष-किरणाच्या चित्रात रेघ दिसते, मधुमेह प्रयोगशाळेच्या अहवालात ठळक अक्षरांत छापून येतो. ज्या दुखण्याचा असा कागद मिळत नाही, ते घरात सहजासहजी कोणी मान्य करीत नाही. लक्ष्मीपुरीतील किंवा शाहूपुरीतील एखादे एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पहाटे देवदर्शन, मग स्वयंपाक, दुकान, हिशेब आणि सूर्यास्तापूर्वी पुन्हा पाने मांडण्याची घाई. अशा घरातील पस्तिशीची सून एका साध्या तापानंतर आठ महिने झाले तरी सावरत नाही. अंघोळ केली की तिला पुन्हा अंथरूण धरावे लागते. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, सारे 'नॉर्मल'. मग घरात प्रथम 'आळस' हा शब्द उच्चारला जातो, काही दिवसांनी 'मनावर घेतलंय' हा. आणि तिसरा शब्द कोणी उच्चारत नाही, तरी तो तिच्या माहेरी ऐकू जातो.

या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, किंबहुना एकाहून अधिक नावे आहेत. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे तीनशे कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे त्या आजाराला 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' असे लांबलचक नाव मिळाले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून हा सामूहिक हिस्टेरिया होता, असा निष्कर्ष काढला. रुग्णांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक. कागदपत्रांवरून दिलेला तो निकाल पुढे कितीतरी वर्षे रुग्णांच्या मानेवर बसला. १९८८ मध्ये अमेरिकेत 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. त्यात थकवा तेवढा उरला, आणि थकवा तर सर्वांनाच येतो.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या आजाराची ओळख नव्याने मांडली. सहा महिन्यांहून अधिक काळ कार्यशक्तीत मोठी घट, विश्रांती न देणारी झोप आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणे ही तीन लक्षणे अनिवार्य. त्यांच्या जोडीला बुद्धीवर मळभ आल्यासारखे होणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, यांपैकी निदान एक. यातील श्रमानंतरची ढासळण हे या आजाराचे खरे ओळखचिन्ह आहे. ती लगेच येतेच असे नाही. पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते. म्हणून रविवारी लग्नात हसतमुखाने वावरलेली सून मंगळवारी उठू शकत नाही, तेव्हा दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. बँकेच्या भाषेत हे ओव्हरड्राफ्टचे खाते आहे. आज मर्यादेबाहेर शंभर रुपये उचलले तर परवा तीनशे भरावे लागतात, आणि व्याजाचा दर आधी कोणी सांगत नाही.

अर्थात प्रत्येक थकव्याला हे नाव चिकटवू नये. थायरॉइड, मधुमेह, क्षय, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य यांची तपासणी आधी व्हायलाच हवी. आपल्या शाकाहारी समाजाने तर ब-१२ जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. ही कमतरता गोळ्यांनी वा इंजेक्शनांनी भरून काढता येते. ती भरून काढल्यावरही थकवा हटत नसेल, तर पुढचा विचार सुरू होतो.

भारतात या विषयावर नाव घेण्याजोगे काम झाले ते कोल्हापूरपासून फार दूर नाही, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या ३,००० स्त्रिया यदृच्छेने निवडल्या. त्यांतील २,४९४ जणी सहभागी झाल्या, आणि २००५ मध्ये निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. निदान सहा महिने थकवा असल्याचे १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. हिमोग्लोबिनशी या थकव्याचा सांधा जुळला नाही. तो जुळला कमी शिक्षणाशी, घरातील कर्जाशी, उपासमारीशी, पतीकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी, स्वतःच्या बाबतीत निर्णय घेण्याची मोकळीक नसण्याशी आणि मनाच्या अस्वास्थ्याशी.

हा अभ्यास हाती आला की उतावळा वाचक लगेच म्हणेल, 'पाहा, सारे मनाचेच आहे.' पण पाहणी एका वेळची आहे. दुःखामुळे थकवा आला की थकव्यामुळे दुःख, हे एका दिवसाच्या शिल्लक-पत्रकावरून ठरत नाही; त्यासाठी वर्षभराचा रोजमेळ लागतो. शिवाय तिथे विचारलेला थकवा ही एक सर्वसाधारण तक्रार होती. श्रमानंतर ढासळणारा हा विशिष्ट आजार किती जणींना होता, हा त्या पाहणीचा प्रश्नच नव्हता. मात्र तेवढ्यावरून ती बाजूलाही सारता येत नाही. सुनेला डॉक्टरांकडे नेण्याआधी तिचा दिवस किती वाजता सुरू होतो, माहेरी फोन करायला तिला कोणाची परवानगी लागते, हेही घराने तपासावे, असे ती पाहणी सांगते. सुखवस्तू घरांना हे वाचणे अवघड जाईल. तरी वाचावे.

आता त्या सल्ल्याकडे वळू, जो अशा रुग्णाला घरोघर मिळतो: 'बसून राहिल्याने अंग जड होते, रंकाळ्यावर रोज थोडे थोडे जास्त चालावे.' ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो, आणि पुष्कळ आजारांत आहेही. या आजारात त्याच्या पाठीशी सर्वांत मोठा आधार म्हणून दाखवला गेला तो ब्रिटनमधील 'पेस' नावाचा प्रयोग. रुग्ण ६४१, खर्च सुमारे ५० लाख पौंड, आणि २०११ मध्ये लॅन्सेटसारख्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्धी. क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाने आणि विचारपद्धती बदलणाऱ्या मानसोपचाराने रुग्ण सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१३ च्या दुसऱ्या लेखात तर अशा सुमारे २२ टक्के रुग्णांना 'बरे झाले' म्हटले गेले.

रुग्णांना हे पटेना, कारण त्यांच्या अंगाचा अनुभव उलट होता. त्यांनी प्रयोगाचे मूळ नियम काढून वाचले. शारीरिक क्षमता शून्य ते शंभर गुणांत मोजली होती. प्रयोगात प्रवेश मिळण्यासाठी रुग्णाचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असणे आवश्यक होते. बरा होण्याची रेषा मूळ आराखड्यात ८५ होती. ती पुढे ६० वर आणली गेली. ज्याला व्यापाराचा गंध आहे त्याला यापुढे काही सांगावे लागू नये. ६५ गुणांनी आत आलेला रुग्ण ६० पर्यंत घसरला, तरी या एका कसोटीवर तो 'बरा' ठरू शकत होता. १३ टक्के रुग्ण तर प्रवेशाच्या दिवशीच या कसोटीवर उत्तीर्ण होते. वर्षअखेर जवळ आल्यावर नफ्याची व्याख्याच बदलली, तर कोणता लेखापरीक्षक सही करील? बदल विश्लेषणापूर्वी केले होते, असे संशोधकांनी सांगितले. पण कोणाला कोणता उपचार मिळतो हे रुग्णांना व उपचारकांना ठाऊक होते, आणि मोजमाप मुख्यत्वे रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर होते.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलेम मॅथीस या रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आकडे देण्याचा आदेश कायम झाला. मूळ कसोट्या लावून पुन्हा हिशेब केला तेव्हा बरे झालेल्यांचे प्रमाण मानसोपचाराच्या गटात ७ टक्क्यांच्या आसपास, व्यायामाच्या गटात ४ च्या आसपास आणि केवळ नेहमीची वैद्यकीय देखभाल मिळालेल्यांत ३ च्या आसपास निघाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शिका काढली. तिने ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारासाठी करू नये असे सांगितले, आणि मानसोपचाराला 'रोग बरा करणारा' हा मान न देता आधार म्हणून ठेवले.

याउलट उदाहरण नॉर्वेचे. बर्गनच्या हॉकलँड रुग्णालयातील फ्लुगे व मेला या कर्करोगतज्ज्ञांना रिटुक्सिमॅब या औषधाने हे रुग्ण सुधारतात असे दिसले. २०११ मध्ये ३० रुग्णांवरील प्रयोगात औषध घेणाऱ्या १५ पैकी १० जण सुधारले, औषधाविना द्रावण घेणाऱ्या १५ पैकी दोघेच. जगभरच्या रुग्णांनी आशेने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनीच १५१ रुग्णांवर मोठा प्रयोग केला आणि २०१९ मध्ये निकाल छापला: औषधाने २६ टक्के, द्रावणाने ३५ टक्के. स्वतःच्या पेढीवरचा तोटा त्यांनी स्वतः जाहीर केला. १५-१५ रुग्णांच्या छोट्या प्रयोगावर लाखोंचे उपचार विकणाऱ्यांना ही हकिकत माहीत नसते, किंवा असूनही ती ते सांगत नाहीत.

या आजारावर खात्रीचे औषध आजही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या 'डिकोड एमई' या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यात १५,५७९ रुग्णांच्या जनुकांची तुलना अडीच लाखांहून अधिक इतरांशी करून फरकाच्या आठ जागा दाखवल्या आहेत. निदानाची चाचणी त्यातून अजून हाती आलेली नाही. शोध कोठे घ्यावा, एवढे कळले आहे.

तोवर रुग्णाला जगायचे आहे ते आपल्या शक्तीच्या मर्यादेत. थकण्यापूर्वी थांबणे, कामाचे तुकडे पाडणे, बरे वाटणाऱ्या दिवशीही सगळी शिल्लक खर्च न करणे, ही आज सर्वांत उपयोगी ठरणारी रीत आहे. ती आपल्या परंपरेला परकी वाटू नये. षोडशकारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या मागे 'शक्तितः' हा शब्द जोडला आहे, आणि त्याच मालिकेत वैयावृत्त्यही आहे. तरी पर्युषणात किंवा दशलक्षणात अशा सुनेला 'निदान एक उपवास तरी कर' असा आग्रह होतोच. तिने एकासनही करू नये असे डॉक्टर म्हणाले असतील, तर तो शब्द सासूबाईंनीच चारचौघींत सांगावा. तिला स्वतःला सांगावा लागला की ती सबब ठरते.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक उंच स्टूल, स्नानगृहात एक प्लास्टिकची खुर्ची, दुपारी दोन तास बंद दार आणि बंद फोन. दुकानात बसणारा मुलगा आजारी असेल तर त्याच्याकडे गल्ल्याऐवजी जीएसटीची विवरणपत्रे द्यावीत. ती घरी, आडवे पडूनही भरता येतात. उशाशी एक लहान वही असावी. आज काय केले आणि दोन दिवसांनी कसे वाटले, एवढेच तिच्यात लिहावे. महिन्याभराने ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि त्याआधी घरातील कर्त्या पुरुषाने ती एकदा स्वतः वाचावी.