सॅक उचला, निघा!

युरोपात १९७२ साली २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘इंटररेल’ पास निघाला. एकाच पासवर २१ देश! हॉस्टेलच्या कॉटवर पडून आपण असलीच स्वप्नं बघतो. अहो, पण आपल्या नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला जाते, २००० किलोमीटरहून लांब! स्लीपरचं तिकीट काढा. तिथे सुवर्णमंदिराच्या सराईत मुक्काम, लंगरमध्ये जेवण. फक्त भांडी घासायला लाजू नका. लातूरकर मंडळींना एसटीचा ४ किंवा ७ दिवसांचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ पास आहेच. आम्हा मुलींना तर २०२३ पासून एसटीत हाफ तिकीट. म्हणजे अडचण पैशांची नाहीच. तिकीट हाफ झालं, घरची परवानगी मात्र अजून फुल्लच लागते! सर, मॅडम, आमच्या घरी तुम्हीच एकदा सांगता का?