मानसशास्त्राचा तास बांधावर घ्या

शेतकरी बंधूंनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला कला शाखेत असेल आणि त्यानं मानसशास्त्र घेतलं असेल, तर आज संध्याकाळी त्याचं पुस्तक जरा चाळून बघा. डोळ्यांना, नाकाला, कातडीला जे लागतं ते वेदन. मेंदू त्याचा जो अर्थ लावतो ते संवेदन. पुढे अवधान, मग जाणिवेच्या अवस्था. पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात, परीक्षेत मार्कही पाडतात. आता हे शेतीच्या पानावर कशाला, असं ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब विचारतील. सांगतो.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्याच हंगामात माझ्या कामाच्या भागात मी एका शेतात गेलो होतो. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. एक मजूर पाठीवर पंप घेऊन फवारत होता. अंगावरचा सदरा ओलाचिंब, तोंडाला काही नाही. मी म्हटलं, "काका, तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला." ते म्हणाले, "साहेब, पहिल्या पंपालाच काय तो वास येतो. मग येत नाही. औषध हवेत उडून जातं."

त्यांचा मुलगा ड्रमातून पाणी काढून देत होता. अकरावीला होता, मानसशास्त्र घेतलेलं. मी सहज विचारलं, वास यायचा बंद होतो त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात? तो पटकन म्हणाला, "वेदनिक अनुकूलन." व्याख्याही म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. पण वास काही कमी झालेला नाही, आपल्या बापाचं नाक सरावलंय आणि औषध कातडीतून आत जातच आहे, हे त्या पोराच्या ध्यानात आलेलं नव्हतं. दुपारून काकांना गरगरायला लागलं. तरी म्हणतात, "मला काही झालं नाही, एकच पंप उरलाय." बळेच दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी घरी आले, सुटले. माझ्या मनातून मात्र ते पोरगं गेलं नाही.

दोष त्याचा नाही. मास्तरांचाही फारसा नाही. धडा पुस्तकातून सुरू होतो आणि पुस्तकातच संपतो, एवढंच. वर्गात फार तर फळ्यावर दोन सारख्या रेघा काढतात, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. एक रेघ लांब वाटते, पोरं हसतात, तास संपतो. म्युलर-लायर या जर्मन माणसाने ही आकृती 1889 मध्ये मांडली. चांगलीच आहे. पण कपाशीचं बोंड काय कमी फसवतं?

गुलाबी बोंडअळी घ्या. अळी लहान असतानाच बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. तुम्ही बांधावरून नजर फिरवता आणि म्हणता, पीक झकास आहे. डोळे खोटं बोलत नाहीत, पण डोळ्यांना जे दिसतं त्याचा अर्थ मागच्या ठोकताळ्यावरून लावला जातो. ज्याला डोमकळी म्हणजे काय ते दाखवलंय, त्यालाच ती शंभर फुलांत दिसते. बाकीच्यांना नुसतं मिटलेलं फूल दिसतं. म्हणून आम्ही सांगतो, वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोनात अळी निघाली की नुकसानीची पातळी गाठली. मुलांना संवेदन शिकवायला याहून स्वस्त साहित्य कोणतं?

ढालकिड्याच्या अळीचंही तसंच. काळी, काटेरी, दिसायला ओंगळ. ती मावा खाते, तुमचं काम करते. पण शेतकरी तिला बघतो आणि पंप उचलतो.

अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोघांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू किती वेळा फेकला ते मोजा, असं सांगून लोकांना चित्रफीत दाखवली. मधूनच गोरिलाचा वेश घेतलेलं माणूस चालत गेलं. मोजण्यात गुंतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही! मला तर यात नवल वाटलं नाही. पात्या मोजत शेत फिरणाऱ्याला पानामागची पांढरी माशी दिसत नाही, हे मी दर हंगामात बघतो.

औषधाच्या डब्यावरचा रंगीत चौकोन हाही मुलांना नेऊन दाखवावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण आपल्याकडे हिरवं म्हणजे चांगलं, अशी समजूत इतकी पक्की की हिरवा चौकोन पाहून लोक उघड्या हातानं औषध कालवतात. तेही विषच आहे, कमी जहाल इतकंच. शिवाय काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्यांना कोण सांगतं?

आणि जाणिवेचा धडा. त्यात झोप येते, स्वप्न येतं, नशा येते. फवारणीची विषबाधा यावी. घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांपुढे अंधूक होतं, बाहुल्या बारीक होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ज्याची शुद्ध हरपत चालली आहे त्याला स्वतःला ते कळत नाही, ही त्यातली खरी गोम. काकांचं "मला काही झालं नाही" हेच लक्षण होतं. म्हणून फवारणाऱ्यावर दुसऱ्याची नजर हवी, आणि गावात ती नजर बहुधा शिकणाऱ्या पोराचीच असते. त्यानं पंप खाली उतरवायला लावावा, कपडे काढून अंग साबणानं धुवावं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

आमच्या तालुक्यातल्या प्राचार्यांनी आणि शाळा समितीच्या सभासदांनी यंदा एवढं करावं. हा धडा ऑगस्टात, फवारणीच्या ऐन दिवसांत घ्यावा आणि त्यातला एक तास शेतात न्यावा. कळवलंत तर बोंडं, रिकामे धुतलेले डबे आणि भिंग मी घेऊन येईन. मुलांनी वही आणावी, आणि जमल्यास वडिलांनाही.