दोन थेंब सोने आणि विसरलेला पांगुळगाडा



पुष्य नक्षत्राच्या दिवशी पारोळ्यातील आमच्या चिकित्सालयासमोर सकाळपासून रांग लागते. बोरीकाठच्या खेड्यांतून, एरंडोल-अमळनेरच्या वाटेवरील वस्त्यांतून आया-आज्या लेकरे कडेवर घेऊन येतात. ‘डाक्टर, पोऱ्याले सोनं देवानं शे,’ एवढेच त्यांचे मागणे असते. आम्ही थेंब देतो, साहाय्यक कार्डावर तारीख टाकतो आणि पुढचे नाव पुकारले जाते. एका बालकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. आज महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांत हेच चित्र आहे. याविषयी आपल्याच घरात बसून, मोकळेपणाने चार शब्द बोलावेत, हा या लेखाचा हेतू. दोष दाखवायचाच झाला तर तो प्रथम आमचा स्वतःचा दाखवू, म्हणजे कोणास वाईट वाटण्याचे कारण उरणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कपाशीच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबातील एक सोळा महिन्यांचा मुलगा लागोपाठ सहा पुष्यांना आमच्याकडे येऊन गेला. सातव्या वेळी श्रावणातली झड लागली होती. आभाळ भरलेले, रांग तुरळक. कश्यपांनी ज्या ‘दुर्दिनी’ लेह देऊ नये म्हटले आहे, नेमका तसाच तो दिवस. गर्दी नव्हती म्हणून आम्ही त्या बालकाला प्रथमच नीट उजेडात घेतले. केस भुरके, पोट पुढे आलेले, नितंबांवरील कातडी सैल, पावलांवर बोट दाबले तर खळगा राहत होता. मूल उभे राहत नव्हते. आई सहा महिन्यांची गर्भिणी होती. दिवस राहिल्याचे कळताच तिचे दूध तोडण्यात आले होते आणि तेव्हापासून मुलाचा मुख्य आहार म्हणजे चहात बुडवलेला टोस्ट. दंडाचा घेर मोजला, तो सव्वाअकरा सेंटिमीटर भरला.

आमच्याच हाताने भरलेले कार्ड आम्ही पुन्हा पाहिले. सहा नोंदी, सहा तारखा, थेंबांची संख्या, सारे सुवाच्य. वजनाचा रकानाच नव्हता. त्या सहा भेटींत आम्ही मुलाला सोने दिले, पण मूल पाहिले नाही.

ज्या ग्रंथाच्या आधारावर आपण हे थेंब देतो, त्या काश्यपसंहितेत याच बालकाचे वर्णन आहे, ही गोष्ट आम्हांस अधिक टोचली. वर्ष उलटूनही जे बालक पायांवर चालत नाही त्यास कश्यप ‘फक्क’ म्हणतात आणि फक्काचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगतात. त्यातील गर्भज फक्क म्हणजे आई पुन्हा गर्भिणी झाल्याने ज्याचे स्तन्य लवकर सुटले, ते झिजत गेलेले मूल. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली अशाच बालकांचे वर्णन वैद्यकीय जगापुढे ठेवले आणि १९३५ साली त्या रोगास तेथील गा भाषेतला ‘क्वाशिऑरकर’ हा शब्द दिला. दुसरे मूल आले की पहिल्याला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. निरनिराळ्या काळांतल्या, निरनिराळ्या भूमींवरच्या दोन चिकित्सकांनी एकच आई आणि एकच मूल पाहिले, कारण दोघांनीही थांबून पाहिले.

फक्काच्या चिकित्सेत कश्यप स्नेहन-शोधनाबरोबर आणखी एक गोष्ट सांगतात. बालकाला चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांचा लहानसा रथ करून द्यावा. हा रथ म्हणजे आपल्या खानदेशात सुताराकडून करून घेतला जाणारा पांगुळगाडाच होय. घृत, अभ्यंग, आहार आणि लाकडी गाडा, असा सगळा विचार ज्या ग्रंथाने केला, त्यातील एकच श्लोक आपण उचलला आणि त्याचा महिन्याचा कार्यक्रम केला.

आता त्या श्लोकाकडेही वळू. काश्यपसंहितेची नेपाळात सापडलेली खंडित प्रत पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाली. त्यातील लेहाध्यायात धुतलेल्या दगडावर सोने पाण्यात उगाळून मध-तुपासह बालकास चाटवावे, त्याने मेधा, अग्नी व बल वाढते, असे सांगितले आहे. या विधानात पुष्य नक्षत्राचा उल्लेख नाही. पुष्याची योजना परंपरेने पुढे जोडली. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही, आईला तारीख लक्षात राहते हा तिचा लाभच आहे. परंतु त्याच अध्यायात कोणास लेह देऊ नये याची जी मोठी यादी आहे, ती आपल्यापैकी किती जणांच्या शिबिरात भिंतीवर लावलेली असते? मंदाग्नी, अतिनिद्रा, ज्वर, अतिसार, शोथ, कामला, पांडू, श्वास, कास, छर्दी असलेल्या बालकांना लेह वर्ज्य आहे. रोजच्या रोज देऊ नये, जेवल्यावर देऊ नये, अतिमात्रेत देऊ नये, असात्म्य असता देऊ नये, असेही स्पष्ट सांगितले आहे. आमच्या त्या मुलाला पांडू होता, शोथ होता, अग्नी मंद होता. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने आम्ही त्याला थेंब दिला, त्याच शास्त्राने त्याला तो नाकारला होता.

मधाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. मधात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांमुळे वर्षाच्या आतील बालकास स्नायू शिथिल करणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. शिशु-बोट्युलिझम या नावाने ती १९७६ साली अमेरिकेत ओळखली गेली. तेव्हापासून वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा सल्ला जगभर दिला जातो. पहिले सहा महिने केवळ स्तन्य, हाही जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्या शासनाचा आग्रह आहे. यावर काही ज्येष्ठ वैद्य विचारतील की जातकर्मात मध-घृत सांगितले आहे, ते तुम्ही कोण मोडणार? आमचे नम्र उत्तर असे की आयुर्वेदाने प्रत्यक्षाला प्रमाण मानले आहे. जे संकट आज प्रत्यक्षाने कळले, ते डोळ्यांआड करणे शास्त्रनिष्ठा ठरत नाही. शिवाय क्षीरप बालकाच्या आजारात धात्रीलाही औषध द्यावे, ही सुश्रुतांची वाट मोकळी आहेच. वर्षाखालील बालकाचे बल वाढवायचे तर आधी त्याच्या आईचे ताट पाहावे.

आणि हे ताट रिकामे राहण्याचे कारण दर वेळी दारिद्र्य नसते. ज्वारी, मूग, शेंगदाणे, केळी आपल्या शिवारात पिकतात. सहाव्या महिन्यापासून लघू व हितकर अन्न द्यावे, असे सुश्रुतांनी सांगितले. मऊ शिजवलेली मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, कुस्करलेले केळे, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट, एवढे आईला नीट समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांचे शुल्क आपण घेत नाही, म्हणून ती पाच मिनिटे आपण देतही नाही.

बुद्धीसाठी सोने मागणाऱ्या पालकांविषयीही एक निरीक्षण. आमच्या प्रतीक्षागृहात हल्ली मुले रडत नाहीत. त्यांच्या हाती मोबाईल असतो. घास भरवताना मोबाईल, झोपवताना मोबाईल, आणि दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून मेधावर्धक औषधाची मागणी. पहिली दोन वर्षे पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. चरकांनी खेळणी रंगीत, नाद करणारी, हलकी, टोक नसलेली, तोंडात न जाणारी असावीत आणि रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचाचे नाव घेऊन भिववू नये, असे शारीरस्थानात सांगितले आहे. बालकाला दरडावू नये, झोपेतून एकदम उठवू नये, हे सुश्रुतांचे सांगणे. बालसंगोपनाचा इतका कोवळा विचार आपल्या संहितांत आहे. तो पालकांपर्यंत पोचवण्याऐवजी आपण त्यांना बाटली देतो. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर त्याची श्रवणतपासणी आधी व्हावी. थेंबांच्या आशेवर गेलेले सहा महिने त्या मुलाला परत मिळत नाहीत.

कश्यपांचा वेदनाध्याय आपण पदवीला वाचला. न बोलणारे बालक डोके हलवते, कानांकडे हात नेते, डोळे मिटते, त्यावरून कुठे दुखते ते ओळखावे, असे तेथे सांगितले आहे. हे ओळखण्यास बालकाकडे पाहत बसावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाचे वजन घेणे, त्यास उबदार ठेवणे, स्तन्यपानास साहाय्य करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करणे शिकवले. या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती, तराजू होता आणि घरोघर जाण्याची तयारी होती. आपल्याजवळ पदवी आहे, आणि दर सत्तावीस दिवसांनी माता आपण होऊन आपल्या दारी येतात. अशी संधी कोणत्या शासकीय योजनेला लाभते?

म्हणून सुवर्णप्राशन बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. सुवर्णप्राशनाचा दिवस हा बालपरीक्षणाचा दिवस करा, असे म्हणतो. प्रत्येक भेटीत वजन, उंची आणि सहा महिन्यांपुढील बालकाच्या दंडाचा घेर नोंदवावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण समजून त्याच दिवशी अंगणवाडी व शासकीय रुग्णालयाशी गाठ घालून द्यावी. अलेह्यांची यादी दारावर लावावी. वर्षाखालील बालकास थेंब नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. लसीकरणाचे कार्ड पाहावे आणि थेंब हा लसीला पर्याय आहे असे चुकूनही सुचवू नये.

औषधालयचालक मित्रांनाही विनंती. भस्म मध-तुपात तळाशी बसते. बाटली प्रत्येक वेळी हलवली नाही तर पहिल्या बालकास नुसता मध आणि शेवटच्यास सारे सोने, असा प्रकार होतो. मध व तूप समप्रमाणात विरुद्ध आहेत, हे घरगुती मिश्रण विकणाऱ्यांनी विसरू नये. परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व मुदत नसलेली बाटली फळीवर ठेवू नये. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, त्याची झळ प्रामाणिक निर्मात्यांनाही लागली. ‘महिनाभरात एकपाठी’ असले फलक लावताना १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदाही आठवावा.

कोणी म्हणेल, तराजू ठेवला तर रांग हळू सरकेल आणि माणसे शेजारच्या शिबिरात जातील. काही जण जातीलही. आमच्याकडची रांग पहिल्या वर्षी जवळजवळ निम्मी झाली आणि त्या दिवसाच्या मिळकतीवर चालणारा दुकानाचा काही खर्च आम्हांस दुसरीकडून भागवावा लागला, हे लपवत नाही. परंतु आता माता वजनाचा आकडा स्वतः विचारतात, मागच्या वेळेपेक्षा वाढले की नाही ते पाहतात, आणि न वाढल्यास घरी सासूशी त्यावर बोलतात. एवढे तर कोणत्याही थेंबाने साधले नव्हते.

तो मुलगा पोषण पुनर्वसन केंद्रात राहून आला. सूज उतरली, भूक लागली. पुढे गावच्या सुताराने त्याला पांगुळगाडा करून दिला आणि चार महिन्यांनी तो गाडा ढकलीत आमच्या दारापर्यंत आला. आजीने पुन्हा सोने मागितले. आम्ही त्याला आधी तराजूवर उभे केले.

इत्यलम्.