किगालीचा करार आणि गावचा मिस्त्री

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. मराठवाड्याचा वैशाख तेथेही तसाच भाजून काढतो. कालपरवापर्यंत शहरी चैन समजले गेलेले वातानुकूलन यंत्र आता अशा गावांच्या बाजारपेठांतही शिरू लागले आहे. यंत्राने थंडावा देणे सोडले की मिस्त्री बोलावला जातो. उरलासुरला वायू हवेत सोडायचा आणि नवा भरायचा, ही गावोगावची रीत. सोडून दिलेल्या वायूचा हिशेब कोण मागणार?

हा हिशेब किरकोळ नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनचे कवच झिजवतो; शिवाय त्याचा एक किलो शंभर वर्षांत सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता रोखतो. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी, पण उष्णता रोखण्यात त्याहूनही वरचढ! पाणी तापविणाऱ्या उष्णता पंपांतही असेच वायू खेळतात.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०३२ पासून आर-४१०एच्या कुळातील वायूंचा वापर घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. ज्या पाश्चात्त्य कंपन्यांनी जुने वायू जगभर विकले, त्यांतीलच काहींकडे आज नव्या कृत्रिम वायूंची पेटंटे आहेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. प्रोपेनवर मात्र कोणाचीच मालकी नाही आणि त्याचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने जर्मनीच्या सहकार्याने २०१२ मध्येच प्रोपेनवरील वातानुकूलन यंत्रे बनविली.

तथापि प्रोपेन ज्वलनशील आहे. आर-२२ साठी बनलेल्या यंत्रात तो भरणे म्हणजे घरात आग आणणे. त्यामुळे खरा प्रश्न मिस्त्रीच्या शिक्षणाचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्याने एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यांत तालुक्याच्या गावांतील किती, हे शासनाने जिल्हावार सांगावे. जुना वायू सिलिंडरमध्ये ओढून घेणारे यंत्र एकट्या मिस्त्रीच्या ऐपतीबाहेरचे असेल, तर तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने ते भाड्याने उपलब्ध करून द्यावे. ग्राहकानेही त्या कामाची मजुरी देताना घासाघीस करू नये.