मुलांशी कोण बोलणार?



1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी दिवाळी अंकाशिवाय साजरी झालेली नाही. यंदाच्या आमच्या अंकातला विशेष विभाग आम्ही रेडिओ-टीव्हीवरून मुलांशी बोलणाऱ्या माणसांना वाहिला आहे.

आमचं पनवेल मुंबई आणि पुण्याच्या वाटेवरचं गाव, म्हणून दोन्हीकडची केंद्रं आमच्या ओळखीची. मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 साली सुरू झालं, पुण्याचं 1953 साली. मुंबईवर 'गंमत जंमत', पुण्यावर 'बालोद्यान' आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन आलं, त्यावर 'किलबिल'. या तीन कार्यक्रमांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या.

मुलांशी बोलण्याचं हे काम कुणाकडे होतं ते पाहण्यासारखं आहे. 'बालोद्यान' सांभाळणारे गोपीनाथ तळवलकर हे 'आनंद' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक. मुलाला काय वाचावंसं वाटतं याचा अभ्यास त्यांच्या हाडीमासी मुरलेला. सई परांजपे पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून आल्या आणि मुलांच्या कार्यक्रमात रमल्या. 'मुलांचा मेवा' हे त्यांचं पुस्तक त्या आठ वर्षांच्या असतानाच निघालं होतं. पुढे दिल्ली दूरदर्शन, बालचित्र समितीचं अध्यक्षपद, 'जादू का शंख', 'सिकंदर' हे मुलांचे चित्रपट आणि मग 'स्पर्श' चित्रपट. थोडक्यात, मुलांसाठी अव्वल माणसं नेमली जात. नवख्यांनी हात साफ करून घेण्याची ती जागा नव्हती.

आणि काम कठीण होतं. रेडिओला चित्र नाही. राक्षस, जंगल, पाऊस सगळं आवाजातूनच उभं करायचं. ठरलेल्या मिनिटांत गोष्ट संपवायची. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नसे, म्हणून वाक्य सोपं, मुलाच्या कल्पनेला जागा सोडणारं आणि उच्चार स्वच्छ हवा. मोठ्यांनी खाली वाकून बोबडं बोललेलं मुलांना लगेच कळतं. या मंडळींनी तसं केलं नाही, म्हणून मुलांनी त्यांना आपलं मानलं.

मग काळ बदलला. 2016 साली पनवेलची महापालिका झाली. टॉवर उभे राहिले, घरोघरी मोबाइल आले. आज मुलाला हवं तेव्हा, हवं तितकं पाहता येतं. पण त्यातलं बरंचसं हिंदी किंवा इंग्रजी, आणि पुढचं काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं. मुलाला आपण काय सांगतो याचा जाब ज्याला विचारावा, असा ओळखीचा माणूस तिथे नसतो. पूर्वी ती जबाबदारी सार्वजनिक संस्थेने घेतली होती. ती पुन्हा कुणीतरी घ्यायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आकाशवाणीने आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आपली उत्तम माणसं मुलांसाठी द्यावीत. आपल्या गावातली वाचनालयं आणि शाळाही मागे राहू नयेत. गोष्ट ध्वनिमुद्रित करायला आता स्टुडिओ लागत नाही. लागतो तो चांगला वाचक आणि दर आठवड्याला वेळ पाळण्याची शिस्त. आमच्या परीने आम्ही पुढचं वर्षभर दर रविवारी एक मराठी गोष्ट मुलांना ऐकवणार आहोत. ज्यांचा आवाज चांगला आहे, वाचन स्वच्छ आहे, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावं.

 

— संपादक, पनवेल