कोंबडीची घरघर : लक्षण एक, कारणे अनेक

अमरावती आणि अकोल्याच्या मोहल्ल्यांत, तसेच बडनेरा, अचलपूर, बाळापूर, पातूर या गावांत घरामागच्या अंगणात पाच-दहा कोंबड्या पाळणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. हा धंदा कोणत्याही खातेवहीत लिहिला जात नाही. त्याला ना परवाना, ना पाटी. तरीही शिलाई करणारी भगिनी, रजया भरणारा कारागीर, हातगाडीवाला भाऊ यांच्या घरात अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या येतात आणि अडीनडीला दवाखान्याचा खर्च निघतो. आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबड्यांच्या वैद्यकीचा आमचा दावा नाही. परंतु ईदच्या आधी दोन-तीन कोंबडे विकून मुलांचे कपडे घेणारी गिऱ्हाइके आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. लहान माणसाची पुंजी बुडाली की बाजारातल्या मोठ्या दुकानालाही त्याची झळ लागते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर आलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

या पुंजीला सर्वात मोठा धोका श्वासाच्या आजारांचा आहे. कोंबडी चोच उघडी ठेवते, मान ताणते, घशातून घरघर आवाज काढते. अशा वेळी आपल्याकडे साधारणतः तीनच गोष्टी होतात. कोणी औषधाच्या दुकानातून पुडी आणून पाण्यात कालवतो. कोणी दुसऱ्याच दिवशी ती बाजारात नेऊन विकतो. आणि कोणी मरण्याआधी तिच्या गळ्यावर सुरी फिरवतो. हे तिन्ही सौदे घाट्याचे आहेत. कारण घरघर हा आजार नसून अनेक आजारांचे एक लक्षण आहे.

आधी कारण ओळखा

पहिली गोष्ट म्हणजे धापा टाकणारी प्रत्येक कोंबडी आजारी नसते. कोंबडीच्या अंगात घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तापमानच ४१ अंशांच्या वर असते. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा चोच उघडून धापणे हाच तिचा अंग थंड करण्याचा उपाय असतो. नाकातून पाणी नाही, आवाज नाही, संध्याकाळी गारवा आला की कोंबडी पूर्ववत चरू लागते, तर तो उन्हाचा त्रास समजावा. टिनाच्या खुराड्यावर ओले पोते किंवा तुराट्यांचे छप्पर टाकावे, सावलीत माठाचे पाणी ठेवावे, दाणा सकाळी लवकर आणि सायंकाळी द्यावा. याला औषधाच्या पुडीची गरज नाही.

दुसरे कारण सर्वात घातक आहे. ते म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा रोग कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला, म्हणून आपल्या देशात त्याला हे नाव पडले. बाहेरच्या देशांत त्याला न्यूकॅसल म्हणतात. त्यात घरघरीबरोबर हिरवट पातळ विष्ठा होते, पाय-पंख लुळे पडतात, मान पिळवटते. लस न दिलेल्या कळपात दहापैकी नऊ कोंबड्याही जाऊ शकतात. हा विषाणूचा रोग आहे. लागण झाल्यावर त्याला औषध नाही. आधी दिलेली लस हाच उपाय.

त्याखालोखाल इतर लागणी येतात. चेहरा सुजून डोळे मिटले आणि नाकातून दुर्गंधीयुक्त चिकट पाणी येऊ लागले तर तो कोरायझा असू शकतो. थंडीत आठवडे न् आठवडे शिंका व खरखर चालू राहते, कोंबडी मरत नाही पण रोडावते आणि अंडी कमी देते, तर मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वासरोग असण्याचा संभव असतो. हे दोन्ही जिवाणूंचे रोग असल्याने डॉक्टरांच्या औषधाचा तेथे उपयोग होतो. खरखरीबरोबर अंड्याचे कवच वेडेवाकडे व पातळ होऊ लागले तर विषाणूजन्य ब्राँकायटिसचा संशय घ्यावा. पावसाळ्यात डास वाढले की देवीची साथ येते. तुऱ्यावरच्या खपल्या सर्वांना दिसतात. पण तोंडात व घशात पिवळा थर जमून श्वास कोंडतो, हे चोच उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

खुराड्यातला आणि दाण्यातला दोष

कित्येकदा रोग बाहेरून येत नाही, आपणच तो खुराड्यात तयार करतो. रात्री चोरी होऊ नये, मांजर शिरू नये म्हणून खुराडे चारही बाजूंनी बंद केले जाते. खालची विष्ठा ओली राहते आणि तिच्यातून अमोनिया वायू निघतो. सकाळी दार उघडल्यावर आपल्या डोळ्यांत झोंबत असेल तर रात्रभर त्यात बसलेल्या पाखराच्या श्वासनलिकेचे काय होत असेल, याचा विचार करावा. अमोनियाने नलिकेचे आतले अस्तर खराब होते आणि मग कोणतीही लागण सहज होते. वरच्या बाजूला जाळी, खाली कोरडा भुसा आणि आठवड्यातून एकदा सफाई, एवढा खर्च कोणालाही परवडतो.

आपल्या कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या आसपास आणि कापूस पिंजणाऱ्यांच्या घरी रुईची धूळ हवेत असते. ती माणसाच्या छातीला वाईट, तशीच कोंबडीलाही. खराब रुई फुकट मिळते म्हणून ती खुराड्यात अंथरू नये. शिंप्याच्या घरची कोंबडी दोऱ्याचे तुकडे किडे समजून टिपते. दोरा जिभेला गुंडाळला जातो किंवा गळ्याच्या पिशवीत गोळा होऊन अडकतो. मग ती मान ताणून गुदमरते आणि घरचे लोक तिला साथीचा रोग समजतात. चिंध्या आणि दोरे रोज झाडून डब्यात टाकावेत.

दाण्याचेही तसेच आहे. पावसात भिजलेली काळी ज्वारी, बुरशी आलेले शेंगदाणे, ओलावा लागलेली ढेप माणसाच्या किंवा जनावराच्या कामाची राहिली नाही की ती कोंबड्यांपुढे टाकली जाते. बुरशीचे बीजाणू थेट फुफ्फुसात जातात. लहान पिल्ले त्याने आवाज न करता, नुसत्या धापा टाकत मरतात. यावर पुडी चालत नाही. दाणा आणि अंथरूण बदलणे हाच मार्ग. शिवाय पांढऱ्या ज्वारीत व तांदळाच्या कणीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. फक्त त्यावर पोसलेल्या कोंबडीच्या घशात पांढरे फोड येतात व नाक वाहते. शेवग्याचा पाला, मेथी-कोथिंबिरीचे देठ, पिवळा मका दिला तर हा त्रास टळतो. भाजीबाजारात हा पाला कवडीमोल मिळतो.

ओल्या मातीत गांडुळे व गोगलगाई टिपणाऱ्या पाखरांच्या श्वासनलिकेत बारीक लाल कृमी होतात. अशी कोंबडी वरचेवर जबडा वासते आणि डोके झटकते. तिला जंताचे औषध लागते. याशिवाय कपाशीवरच्या फवारणीचे विष विसरता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. जे विष माणसाला सोडत नाही ते कोंबडीला काय सोडणार? फवारलेल्या शेतात चरलेली किंवा औषध लावलेले रंगीत बियाणे खाल्लेली कोंबडी तोंडातून लाळ गाळत, श्वास कोंडून काही तासांत मरते. तिचे मांस कोणीही खाऊ नये.

पुडीचा व्यापार

इतकी कारणे असताना सर्वांवर एकच पुडी चालवणे म्हणजे सुती, रेशमी, टेरिकॉट सर्व कापडाला एकाच भट्टीत घालण्यासारखे आहे. ज्या प्रतिजैविकाचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही त्याचे पैसे तर जातातच. उलट जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि औषधाचा अंश अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटात जातो. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच भीतीने. औषध विकणाऱ्या बांधवांनी लक्षण न विचारता पुडी देऊ नये आणि औषध चालू असताना किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.

आजारी माल बाजारात

आता कडू बोलणे भाग आहे. घरघर सुरू झाली की रातोरात कोंबडी बाजारात नेण्याची चाल आपल्यात आहे. कापडाचा डाग लपवून विकणे जसे नाजायज, तसेच रोग लपवून पाखरू विकणेही नाजायज आहे, यात शंका नको. डागी कापडाने एकाच गिऱ्हाइकाचे नुकसान होते. रोगी कोंबडी एका टोपल्यातून दहा गावांत साथ नेते आणि तीच साथ फिरून आपल्या मोहल्ल्यात येते. तसेच, मुरदार होऊ नये म्हणून मरणारे पाखरू घाईने जबह करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की हलालबरोबर तय्यब, म्हणजे पाक व आरोग्यदायी असणेही आपल्याकडून अपेक्षित आहे. बर्ड फ्लूच्या काळात तर आजारी कोंबडी कापणारा हातच सर्वात आधी धोक्यात येतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आढळला. दोन्ही वेळा ज्यांच्या कोंबड्या निरोगी होत्या त्यांचाही बाजार बसला. अनेक कोंबड्या एकदम मरू लागल्या, तुरे निळे पडले, तोंडे सुजली तर मेलेल्या पाखरांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. तसे कळवणे २००९च्या कायद्याने बंधनकारकही आहे. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, लपवून ठेवता ठेवता मेलेल्यांची नाही, हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

एक बाटली, एक मोहल्ला

राहिला प्रश्न लसीचा. मानमोडीची लस महाग नाही. अडचण वेगळी आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? यावर आमची सूचना साधी आहे. वीस घरांनी मिळून एक सकाळ ठरवावी. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडू नयेत. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात-नाकात थेंब, पुन्हा महिन्याभराने, आणि आठ-दहा आठवड्यांनी पंखाखाली टोचण्याची लस, हा क्रम डॉक्टरांना विचारून पाळावा. लस निरोगी पाखरालाच द्यावी. नवीन आणलेले गिरिराज-वनराज तीन आठवडे वेगळे ठेवावे. मेलेल्या पाखराचे कारण कळत नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था काही दूर नाही; दवाखान्यामार्फत तेथे विचारणा करावी.

मोहल्ल्याच्या कमिट्या लग्नाच्या देगांचा आणि शामियान्याचा बंदोबस्त चोख करतात. त्यांनी वर्षातून दोन सकाळी या कामास द्याव्यात आणि बाजारातील व्यापाऱ्यांनी बर्फाच्या डब्याचा व बाटलीचा खर्च उचलावा. शेकडा रुपयांच्या खर्चात हजारोंची पुंजी वाचत असेल तर असा सौदा कोणता व्यापारी सोडेल? हिवाळ्याची साथ सुरू होण्यापूर्वी, येत्या महिन्याभरातच प्रत्येक मोहल्ल्याने आपली सकाळ ठरवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.