सबुरीचा हल्ला

'बचाव' हा शब्द मोठा फसवा आहे. तो ऐकला की दाराला कडी घालून आत बसलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर विश्वास ठेवणे हा माझा धंदा. पण चाळिशी उलटल्यावर बुद्धिबळातला 'किंग्ज इंडियन बचाव' शिकू लागलो आणि या शब्दाचा अर्थ मला नव्याने लावावा लागला.

चाली सोप्या आहेत. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले की काळ्याने राजाकडचा घोडा एफ६ वर आणावा. मग जी६ वर प्यादे, जी७ वर उंट, डी६ वर प्यादे आणि किल्लेकोट. तोवर पांढऱ्याची तीन प्यादी पटाच्या मध्यावर ऐसपैस बसलेली असतात. आमच्या क्लबातले एक निवृत्त साहेब दर शनिवारी ती जागा बळकावतात आणि मी त्यांचा भाडेकरू असल्यासारखे माझ्याकडे पाहतात!

बसू द्यावे. किल्लेकोट झाला की आपण प्यादे ई५ वर लोटावे. पांढऱ्याने डी५ कडे रेटा दिला, की मध्य बंद. आता तो वजिराच्या बाजूने शिरणार आणि आपण त्याच्या राजावर चालून जाणार. पण एफ प्याद्याची वाट आपल्याच घोड्याने अडवलेली! सर्वांत आधी पुढे आलेल्या त्या वीराला मुकाट्याने मागे घ्यावे लागते. मग एफ५, एफ४, जी५, जी४. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे १९५३ साली ग्लिगोरिचने नायडॉर्फला असेच नमवले. त्या गावाचे नावच या प्रकाराला चिकटले.

नावातले 'इंडियन' मात्र आपले आहे. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बंद्योपाध्याय हे कॉक्रेन नावाच्या बॅरिस्टराशी असे डाव मांडत. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे ही सावकाश मांडणी त्यांच्या हातात मुरलेली होती.

यात धोका आहे, मंडळी. तिकडे पांढऱ्याची फौज आपल्या वजिराकडच्या बाजूला शिरलेली असते. आपली एक खेळी फुकट गेली, तर हल्ला पोचण्याआधीच घर लुटले जाते. आणि ई५ची चाल केलीच नाही, तर जागेवाचून गुदमरणे ठरलेले.

म्हणून मला हा बचाव आवडतो. गप्प बसणे आम्हां मध्यमवर्गीयांना शिकवावे लागत नाही. त्याला आम्ही सौजन्य म्हणतो. परंतु सोसणे वेगळे आणि सबुरी वेगळी. सबुरीवाल्याला आपली पुढची खेळी ठाऊक असते, आणि वेळ आली की ती तो करतो.

दिवाळीच्या सुट्टीत पट मांडा. काळी मोहरी आपल्याकडे घ्या. चकलीचा तुकडा तोंडात असला तरी चालेल. लक्ष मात्र ई५ वर असू द्या.